शरीर, सोयरीक आणि जात : इरावती कर्वे यांच्या मानवशास्त्राचा आढावा

मनुष्याच्या देहाचे शास्त्र आणि त्याच्या आचारधर्माचे शास्त्र ही दोन भिन्न शास्त्रे मानावीत की एकाच शास्त्राची दोन अंगे मानावीत, हा वाद मानवशास्त्राच्या जन्मापासून त्याच्या पाठीशी लागलेला आहे. आणि गेल्या शंभर वर्षांत विद्यापीठांच्या कारभारापुरता तरी तो वेगळेपणाच्या बाजूने निकालात निघाल्यासारखा दिसतो, कारण कवट्या, रक्त आणि हाडे तपासणारे पंडित आता वैद्यकाच्या व जीवशास्त्राच्या दालनात जाऊन बसले आहेत, तर लग्ने, नाती, दैवते आणि भाऊबंदकी यांचा तपास करणारे समाजशास्त्राच्या दालनात. ही दोन्ही दालने एकाच आयुष्यात, एकाच अभ्यासकाने, आणि तीही एका स्त्रीने, मोकळेपणाने वापरल्याचा आपल्याकडील सर्वांत ठळक दाखला म्हणजे डॉ. इरावती कर्वे. ‘युगान्त’ची लेखिका म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो आणि त्यांच्या ललितलेखांवर प्रेम करतो, परंतु त्यांचे नित्याचे काम काय होते, कोणत्या प्रश्नाच्या मागे त्या चाळीस वर्षे हिंडल्या, त्या प्रश्नाचे पुढे काय झाले, याची मोजदाद आपण क्वचितच केली आहे. ती करण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यांच्या चरित्राचा तपशील थोडक्यात सांगून पुढे जाणे बरे. 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे त्यांचा जन्म झाला, आणि वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत अभियंता असल्यामुळे त्या देशाच्या महानदीचे नाव मुलीला मिळाले. सातव्या वर्षी त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकावयास आल्या, रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांच्या मुलीसारख्या वाढल्या, फर्ग्युसन महाविद्यालयातून 1926 साली तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाल्या आणि मुंबईस डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी 1928 साली समाजशास्त्राची पुढील पदवी मिळविली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव आणि जर्मनीत शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी जन्म वेचला त्या सासऱ्यांचीही सुनेच्या परदेशगमनास अनुकूलता नव्हती, ही गोष्ट त्या काळाची वेस कोठे होती ते दाखविते. पतीच्या पाठिंब्याने ती वेस ओलांडून त्या 1928 साली बर्लिनला गेल्या.

बर्लिनची दोन वर्षे मात्र थोडक्यात आटोपण्यासारखी नाहीत, कारण त्यांच्या शास्त्रीय वृत्तीची कसोटी तेथेच लागली. डालेम येथील कायझर विल्हेल्म संस्थेचा मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांचा विभाग 1927 साली नुकताच उघडला होता व त्याचे प्रमुख ऑयगेन फिशर हे होते. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथ येथील मिश्र संततीच्या समाजाचा 1908 साली अभ्यास करून त्यावर 1913 साली ग्रंथ लिहिलेले हे गृहस्थ वंशांच्या उच्चनीचतेवर विश्वास ठेवणारे होते आणि पुढे नाझी राजवटीला शास्त्राचा मुलामा चढविण्यात त्यांच्या विद्येचा उपयोग झाला. त्यांच्या संस्थेत इरावतीबाईंनी मनुष्याच्या कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंतील विषमता हा प्रबंधाचा विषय घेतला. वरकरणी हा निरुपद्रवी विषय. परंतु त्याच्या पोटी एक गृहीत दडलेले होते, ते असे की युरोपीय माणसाच्या कवटीत ही विषमता अधिक असावी आणि ती अधिक विकसित मेंदूची खूण असावी. निरनिराळ्या खंडांतून, बहुधा वसाहतवादी सत्तेच्या हातून, बर्लिनमध्ये गोळा झालेल्या कवट्या हातात घेऊन त्यांच्या दोन्ही बाजू मोजताना या पंचविशीच्या विद्यार्थिनीला जे दिसले ते तिने लिहिले: विषमता सर्वत्र आहे, आणि वंशाशी तिचा संबंध लागत नाही. गुरूच्या गृहीताविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती आहे त्याच्यासमोर हा निष्कर्ष मांडणे म्हणजे काय धैर्य असेल याचा विचार केला की माझे मन आजही आदराने भरून येते. 1930 साली त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली.

तरीही येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. गृहीत नाकारले, पण साधन नाकारले नाही. मोजपट्टी, व्यासमापक, शीर्षनिर्देशांक, नासिकानिर्देशांक हे सारे त्या बर्लिनहून बरोबर घेऊन आल्या आणि पुढील तीन दशके महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून ते वापरीत राहिल्या. हे साधन हिंदुस्थानात कोणी व कशासाठी आणले होते याचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मर्म कळणार नाही.

1901 च्या खानेसुमारीचे आयुक्त सर हर्बर्ट रिस्ले यांनी सरकारी दफ्तराच्या बळावर देशभरातील नाके मोजविली आणि नाकाची रुंदी उंचीच्या मानाने जितकी कमी तितकी जातीची प्रतिष्ठा अधिक, असा एक सिद्धांत काढला. म्हणजे जात हा वंशभेद आहे, आणि समाजातील उतरंड ही शरीरातच कोरलेली आहे, असे त्यांचे म्हणणे. ब्रिटिश कारभाराला हे सोयीचे होतेच, पण आपल्यातील पुष्कळ उच्चवर्णीयांनाही ते गोड लागले, हे मान्य करावे लागेल. घुर्ये यांनी 1932 साली याच आकड्यांची फेरतपासणी करून दाखविले की ही उतरंड गंगायमुनेच्या प्रदेशापलीकडे टिकत नाही. इतर प्रांतांत तिचा पत्ता लागत नाही. दुसऱ्या बाजूने, 1920 च्या नागपूर येथील सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनात प्रशांतचंद्र महालनोबीस यांना नेल्सन अनंडेल भेटले आणि त्यांनी कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापे तपासण्यास दिली. त्या कामातून दोन समूहांतील अंतर अनेक मापे एकत्र धरून काढण्याची जी रीत निघाली तिला महालनोबीसांनी 1936 साली पूर्ण रूप दिले, आणि ती आज जगभर वापरली जाते. एका नाकावरून जात ठरविण्याच्या उद्दाम पद्धतीला गणिताने घातलेला हा लगाम होता. 1931 च्या खानेसुमारीसाठी बिरजाशंकर गुहा यांनी केलेले वंशांचे वर्गीकरणही याच काळातले. शाळेच्या पुस्तकांत ते पुढे कितीतरी वर्षे घोकले गेले, परंतु त्यात समजून घेण्यासारखे आता फारसे उरलेले नाही.

अशा वेळी, 1939 साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून इरावतीबाई रुजू झाल्या; त्यापूर्वी काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाच्या कुलसचिवाचे काम पाहिले होते. डेक्कन कॉलेजात एकीकडे हसमुख सांकलिया यांचा उत्खननविभाग, दुसरीकडे भाषाशास्त्र व संस्कृतविद्या, आणि गावाच्या पलीकडच्या टोकाला भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असलेली. इतका सुयोग मानवशास्त्राच्या वाट्याला अन्यत्र क्वचितच आला असेल. सांकलियांच्या बरोबर गुजरातेतील लांघणज येथे सूक्ष्मास्त्रे वापरणाऱ्या प्राचीन शिकारी लोकांचे सांगाडे उकरून त्यांची तपासणी त्यांनी केली. महाभारताच्या या चिकित्सक आवृत्तीचे, सुकथनकरांच्या संपादनपरंपरेतील, खंड त्या ओळीओळीने वाचीत. आणि सुट्या लागल्या की मोजमापाची पेटी घेऊन बाहेर पडत.

बाहेर पडून त्या काय विचारीत, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक गावात त्या आधी माणसाला त्याची जात विचारीत, मग पोटजात, मग तो मुलगी कोठे देतो व कोठून आणतो, देवक कोणते, मामाची मुलगी चालते की नाही, आतेची चालते की नाही; आणि नंतर त्याचे डोके व नाक मोजीत, पुढील काळात रक्ताचा थेंबही घेत. प्रश्नांचा हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. रिस्ले यांनी ‘कुणबी’, ‘ब्राह्मण’, ‘कुंभार’ अशी खानेसुमारीच्या तक्त्यातील नावे जशीच्या तशी घेतली. इरावतीबाईंनी मात्र ज्या वर्तुळात प्रत्यक्ष लग्ने होतात तेच वर्तुळ अभ्यासाचे एकक धरले. माणसाचे शरीर त्याच्या आईबापांकडून येते, आणि आईबापांची गाठ कोणी कोणाशी घालावी हे ठरविते ती सोयरीक. मग रीतिरिवाज बाजूला ठेवून शरीर कसे समजणार, आणि शरीर बाजूला ठेवून त्या रिवाजाचा परिणाम कसा दिसणार? देह आणि आचार या दोन दालनांना जोडणारा दरवाजा सोयरिकीत आहे, हा त्यांच्या साऱ्या कामाचा गाभा होय, असे माझे मत आहे.

या पद्धतीने त्यांनी जी सामग्री जमविली तिच्यावर त्यांनी व वि. म. दांडेकर यांनी मिळून 1951 साली महाराष्ट्रातील शरीरमापनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या दांडेकरांची संख्याशास्त्रातील शिस्त त्यास लाभली. निष्कर्ष असा की ‘ब्राह्मण’ किंवा ‘मराठा’ या नावाखाली एकत्र मानल्या जाणाऱ्या गटांमध्ये आपापसांत लक्षणीय अंतर आहे, आणि एका पोटजातीचे साम्य तिच्याच नावाच्या दुसऱ्या पोटजातीपेक्षा कधीकधी शेजारच्या भलत्याच जातीशी अधिक निघते. पुढे कैलाश मल्होत्रा या त्यांच्या शिष्याबरोबर समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना करणारा त्यांचा निबंध 1968 साली एका नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला, त्याचाही रोख हाच होता.

येथून त्यांचा आपल्याच गुरूशी मतभेद सुरू होतो. घुर्ये यांचे म्हणणे असे की मूळची एक जात कालांतराने फुटून तिच्या पोटजाती होतात; स्थलांतर, धंद्यातील फरक, आचारातील कमीजास्तपणा ही त्या फुटीची कारणे. इरावतीबाईंनी ही दिशाच उलटी केली. त्यांच्या मते पोटजात म्हणून जिला आपण ओळखतो तीच खरी जात. आणि ‘कुंभार’ हे समान धंद्यामुळे बाहेरच्यांनी दिलेले समूहाचे नाव. महाराष्ट्रातील कुंभारांमध्ये मोठे चाक वापरणारे थोरचाके आणि लहान चाक वापरणारे लहानचाके यांचे तंत्र निराळे, मुलूख निराळा, सोयरीक निराळी. एकाच घरातून ते विभक्त झाले असे मानावयास आधार काय? निरनिराळ्या टोळ्या, निरनिराळ्या काळी, गावगाड्यात येऊन आपापल्या जागी बसल्या, वर्णव्यवस्थेची चौकट त्यांच्यावर नंतर चढविली गेली, आणि कोणीही कोणात विरून न जाता सारे शेजारी शेजारी राहिले, असे हिंदू समाजाचे चित्र त्यांनी 1961 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात रेखाटले. गुरूच्या मताचा असा उघड प्रतिवाद त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा केला, आणि दोन्ही वेळा हाती मापे घेऊन केला.

हे मत कितपत टिकले? येथे इतरांनी केलेल्या कामाकडे वळले पाहिजे. मुंबईत संघवी व व. रा. खानोलकर यांनी 1949 च्या सुमारास सहा अंतर्विवाही गटांतील आनुवंशिक लक्षणांची तुलना करून मोजपट्टीऐवजी रक्ताची साक्ष काढण्यास आरंभ केलाच होता. 1952 साली डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांना मुंबईत असे रक्त आढळले की जे कोणत्याही ज्ञात गटात बसेना. ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जाणारा हा प्रकार मातापिता दोघांकडून तोच दुर्मीळ अंश आल्याशिवाय प्रकट होत नाही, आणि म्हणून जवळच्या नात्यांतील विवाहांशी त्याचा संबंध पोहोचतो. सोयरिकीची रीत रक्तात कशी उतरते याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही. आते-मामे भावंडांच्या संततीत सोळांपैकी एका, आणि मामा-भाचीच्या संततीत आठांपैकी एका अंशाने एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनी तेच बीज येण्याचा संभव असतो, हे गणित आहे. परंतु मामा-भाचीचे लग्न दक्षिणेत चालते आणि उत्तरेत निषिद्ध मानले जाते, हे कळण्यास मानवशास्त्रच लागते.

त्यानंतर जनुकांचे युग आले. हैदराबादच्या पेशी व रेणु-जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2009 साली देशातील पंचवीस समूहांची तपासणी केली, आणि 2013 साली त्याच मालिकेतील पुढील अभ्यासाने दाखविले की सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडातील लोक एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले, आणि त्यानंतर मात्र लग्नाची वर्तुळे बंद झाली. या दोन वाक्यांत इरावतीबाईंचा जय आणि पराजय दोन्ही आहेत. वर्तुळे खरी आहेत, प्रत्येक वर्तुळाचा स्वतःचा जैविक इतिहास आहे, आणि खानेसुमारीतील मोठी नावे तो इतिहास झाकतात, हे त्यांचे म्हणणे भक्कमपणे सिद्ध झाले. परंतु ही वर्तुळे अनादि काळापासून अलग होती, टोळ्या न मिसळता शेजारी बसल्या, या चित्राला मोठी दुरुस्ती करावी लागते. कारण आज ज्यांच्यात बेटीव्यवहार नाही अशा जवळजवळ सर्वांचे पूर्वज कोणे एके काळी परस्परांचे सोयरे होते. कोणा जातीला आपल्या रक्ताचा अभिमान वाहण्यास यातून तिळमात्र आधार मिळत नाही, आणि इरावतीबाईंना ही दुरुस्ती मनापासून आवडली असती, असे त्यांच्या बर्लिनच्या प्रबंधाकडे पाहून मला वाटते.

त्यांचा सर्वांत चिरस्थायी ग्रंथ मात्र मोजमापाचा नव्हे, नात्यांचा आहे. भारतातील आप्तसंबंधांची रचना सांगणारा त्यांचा 1953 चा ग्रंथ लिहिण्यासाठी त्या मलबारपासून आसामपर्यंत हिंडल्या आणि प्रत्येक भाषेतून काका, मामा, आते, नणंद, साडू यांची नावे, संबोधने व वागण्याचे नियम यांची सूची त्यांनी केली. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग त्यांनी पाडले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते. माहेरची लेक आणि सासरची सून ही तिची दोन जवळजवळ निराळी आयुष्ये होतात, आणि तेथील लोकगीतांतील विरहाचा सूर याच रचनेतून निघतो. दक्षिणेत ती बहुधा मामाच्या किंवा आतेच्या घरी जाते, सासू तिला लहानपणापासून ओळखीची असते. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर: मराठ्यांमध्ये मामाची मुलगी करण्याची चाल, पण कुळी आणि देवकाची कडक बंधने, देशस्थ ऋग्वेद्यांमध्ये मामेबहीण चालते, तर माध्यंदिनांना आईच्या गोत्राचाही निषेध. एका प्रांतात दोन संस्कृतींचे नियम कसे गुंतले आहेत, हे इतक्या प्रत्यक्ष पुराव्याने त्यांच्यापूर्वी कोणी दाखविले नव्हते. एकत्र कुटुंबाची त्यांनी केलेली व्याख्या, जीत एक छप्पर, एक चूल, एक मालमत्ता आणि एक देवघर या कसोट्या आहेत, ती आजही अभ्यासक्रमात शिकविली जाते.

या ग्रंथावर टीकाही झाली, आणि ती मला पुष्कळ अंशी न्याय्य वाटते. महाभारतातील कुलाचार आणि विसाव्या शतकातील खेड्याचा रिवाज यांची सलगता त्या फार सहज गृहीत धरतात. मधली दोन सहस्रके जणू नाहीतच. मुसलमानांचे आप्तसंबंध या देशव्यापी आढाव्यात जवळजवळ आलेच नाहीत, आणि भारत म्हणजे हिंदू समाज हे समीकरण त्यांच्या लेखणीतून नकळत उतरत राहिले. सोयरिकीमागील सत्ता, जमीन आणि जबरदस्ती यांचे भान त्यांच्या शास्त्रीय लेखनापेक्षा ललितलेखनात अधिक तीव्र आहे, ही तर मला सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते. पंढरीच्या वारीत चालताना एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठे वेगळ्या चुलींवर शिजवितात व वेगळे जेवतात, याचे दुःख त्यांनी ‘वाटचाल’ या ललितलेखात जितक्या कळकळीने सांगितले तितक्या कळकळीने त्यांच्या एकाही इंग्रजी ग्रंथात आलेले नाही. ‘युगान्त’मध्ये तर गांधारी, कुंती आणि द्रौपदी यांची चरित्रे ही सोयरिकीच्या राजकारणाने चिरडलेल्या स्त्रियांची प्रकरणेच आहेत, सूचीतील ‘सून’ आणि ‘सासू’ येथे हाडामांसाच्या होतात. 1968 साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तो ललितवाङ्मयाचा गौरव होता. पण ते पुस्तक मानवशास्त्राचेही आहे, हे मानवशास्त्रज्ञांनी मान्य करण्यास फार उशीर लावला.

आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्यांचे लक्ष वर्तमानाकडे अधिकाधिक वळले. दामले यांच्याबरोबर त्यांनी खेड्यातील गटांच्या परस्परसंबंधांचा, रणदिवे यांच्याबरोबर फलटण या वाढत्या गावाचा आणि कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणामुळे उठविल्या गेलेल्या लोकांचा अभ्यास केला. कोयनेचा अहवाल 1969 साली प्रसिद्ध झाला. धरणाखाली जमीन गेली की मोबदल्याचा हिशेब सरकारी दफ्तरात मांडता येतो; परंतु भाऊबंद एका वसाहतीत, सोयरे दुसऱ्या जिल्ह्यात आणि देवस्थान पाण्याखाली, अशी फाटाफूट झाल्यावर लेकीबाळींची लग्ने कोठे जुळवावयाची, आजारपणात हाक कोणाला मारावयाची, हे कोणत्या रकान्यात लिहावे? नात्यांच्या शास्त्रात आयुष्य घालविलेल्या व्यक्तीलाच असे प्रश्न सुचू शकतात, आणि पुनर्वसनाच्या अधिकाऱ्यांनी हा अहवाल वेळीच वाचला असता तर महाराष्ट्रातील पुढील कितीतरी धरणग्रस्तांचे हाल कमी झाले असते, अशी माझी खात्री आहे.

11 ऑगस्ट 1970 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे मल्होत्रा यांनी धनगरांच्या अंतर्विवाही पोटगटांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात शरीरलक्षणांबरोबर त्यांची मेंढरे, चराऊ कुरणे आणि भटकंतीचे मार्ग हेही मोजले गेले, आणि माधव गाडगीळ यांच्यासारख्या परिस्थितिशास्त्रज्ञाची जोड मिळून एकाच मुलखात राहणारे गट निसर्गातील कोणता वाटा वापरतात, हा नवा प्रश्न त्या जुन्या पद्धतीतून पुढे आला. मोजपट्टी तोवर जवळपास कालबाह्य झाली होती. मुलगी कोठे देता आणि कोठून आणता, हा पहिला प्रश्न मात्र धनगरांच्या वाड्यांवरही प्रथम विचारला जात होता.